पहिले सहा तास ठाण्याचे: विदर्भातील ग्रामीण ठाणेदारांना खुले पत्र

प्रति,
विदर्भातील अकराही जिल्ह्यांच्या ग्रामीण पोलीस ठाण्यांचे ठाणेदार

प्रत माहिती व कार्यवाहीसाठी: जिल्हा पोलीस अधीक्षक, जिल्हाधिकारी, जिल्हा शल्यचिकित्सक

विषय: बॉम्बस्फोटानंतर घटनास्थळ राखणे, पुरावा उचलणे आणि तो न्यायालयापर्यंत शाबूत पोचवणे

महोदय / महोदया,

स. न. वि. वि.

बॉम्बस्फोटाची बातमी आली की एनआयए (राष्ट्रीय तपास यंत्रणा), एटीएस (दहशतवादविरोधी पथक), एनएसजी (राष्ट्रीय सुरक्षा रक्षक दल) ही नावे तासाभरात सगळीकडे झळकतात. पण ही पथके पोचायच्या कितीतरी आधी तिथे ठाण्याची जीप पोचलेली असते. तिच्यात आपण असता, एक चालक असतो आणि तीन-चार अंमलदार असतात. हे पत्र त्या जीपसाठी आहे.

गुन्हास्थळाची तपासणी, स्फोटकांचे रासायनिक विश्लेषण, शवविच्छेदन आणि फौजदारी खटले या कामांत आयुष्य गेलेली आम्ही माणसे आहोत. आमचे म्हणणे एवढेच की स्फोटाचा खटला पहिल्या पाच-सहा तासांत उभा राहतो किंवा पडतो, आणि आपल्या भागात ते तास पूर्णपणे ठाण्याच्या हातात असतात. नागपूरहून भामरागड साडेतीनशे किलोमीटरच्या घरात आहे. अमरावतीहून धारणीला जायचे तर मेळघाटचा घाट चढावा लागतो. बॉम्ब शोधक व नाशक पथक (बीडीडीएस) जिल्ह्याच्या ठिकाणाहून निघणार, न्यायसहायक (फॉरेन्सिक) प्रयोगशाळेची माणसे नागपूर किंवा अमरावतीहून. तोवर जे तुडवले गेले, धुतले गेले, उचलून बाजूला टाकले गेले, ते देशातली कुठलीही प्रयोगशाळा परत आणू शकत नाही.

त्यात कायद्याची एक बाजू आहे. यूएपीए (बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायदा) लागला की राज्य पोलिसांत उपअधीक्षकापेक्षा खालच्या दर्जाच्या अधिकाऱ्याला तपास करता येत नाही. एनआयए कायद्याच्या कलम ६ नुसार आपला अहवाल राज्य शासनामार्फत केंद्राकडे जातो आणि तपास एनआयएकडे द्यायचा की नाही हे केंद्राला १५ दिवसांत ठरवायचे असते. म्हणजे तपास बहुधा आपल्याकडे राहणार नाही. आपल्याकडून पुढच्या अधिकाऱ्याला मिळणार ते राखलेले स्थळ, पंचनामा, मोहोरबंद मुद्देमाल आणि नोंदी. तो जे काही सिद्ध करेल ते यातूनच.

यात कसूर झाली तर किती महागात पडते ते अलीकडेच दिसले आहे. २९ सप्टेंबर २००८ च्या मालेगाव स्फोटात ६ जण मेले. त्या खटल्यात ३१ जुलै २०२५ रोजी विशेष न्यायालयाने सातही आरोपींना निर्दोष सोडले. आरोपी दोषी होते की नव्हते यावर आम्ही काही म्हणत नाही, आम्ही फक्त घटनास्थळाविषयी न्यायालयाने काय नोंदवले ते वाचायला सांगतो. पंचनामा नीट नाही, जागेचा नकाशा काढलेला नाही, बोटांचे ठसे घेतलेले नाहीत, नमुने दूषित झाल्यामुळे त्यांवरचे अहवाल निर्णायक मानता येत नाहीत. त्याच्या दहा दिवस आधी, २१ जुलैला, मुंबई उच्च न्यायालयाने ११ जुलै २००६ च्या लोकल गाड्यांतील स्फोटांच्या खटल्यात १२ आरोपींची शिक्षा रद्द केली. जप्त केलेल्या स्फोटकांची मोहोर आणि प्रयोगशाळेपर्यंतचा त्यांचा ताबा सिद्ध झाला नाही, हे त्यातले एक कारण होते. (सर्वोच्च न्यायालयाने पुढे तो निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरण्यास स्थगिती दिली आहे.) नकाशा, मोहोर, ताबा ही कामे प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांची नाहीत. ती ठाण्याची आहेत, आणि ती नीट झाली नाहीत की स्फोटात गेलेल्या माणसांच्या घरच्यांना सतरा, एकोणीस वर्षांनी रिकाम्या हाताने परतावे लागते.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू.

घटनास्थळाकडे जातानाच विचार हवा. १ मे २०१९ रोजी कुरखेडा तालुक्यात जांभुळखेड्याजवळ भूसुरुंगाच्या स्फोटात शीघ्र कृती दलाचे १५ पोलीस आणि त्यांच्या गाडीचा चालक गेले. आदल्या रात्री दादापूरला रस्त्याच्या कामावरची वाहने जाळली गेली होती आणि पथक तिकडेच निघाले होते. पहिली घटना पोलिसांना बोलावण्यासाठीही घडवलेली असू शकते. म्हणून नेहमीच्या वाटेवरचा रपटा, मोरी, ताजी उकरलेली कड, रस्त्यालगत नव्याने रचलेले दगड पाहिल्याशिवाय गाडी पुढे नेऊ नका. शेवटचा टप्पा पायी, अंतर ठेवून. पोचल्यावर पहिला शोध दुसऱ्या बॉम्बचा, कारण बघ्यांची गर्दी आणि पोलीस जमल्यावर दुसरा उडवणे ही जगभर वापरलेली पद्धत आहे. बेवारस पिशवी, डबा, टिफिन, मोटारसायकल दिसली तर तिच्याजवळ उभे राहून वायरलेस किंवा मोबाइल वापरू नका. आधी मागे या, मग कळवा. पाठीवरच्या पिशवीएवढी वस्तू असेल तर उघड्या रानात अर्ध्या किलोमीटरच्या आत कोणी नको. वस्तूवर पाणी ओतणे, वाळूची पोती रचणे, काठीने ढकलणे, कपडा टाकणे यातले काहीही करायचे नाही.

जखमींचा जीव पुराव्याआधी. याला अपवाद नाही. पण १०८ ची रुग्णवाहिका खड्ड्यावरून न्यायची गरज नसते. आत-बाहेर जाण्याची एकच वाट ठरवा, चुन्याने आखा आणि सगळ्यांना तिच्यावरूनच चालवा. एका अंमलदाराने जखमींना उचलण्यापूर्वी कोण कुठे पडले होते त्याचा मोबाइलवर सलग व्हिडिओ घ्यावा. दोन मिनिटांचे काम आहे, आणि नंतर स्फोटाची दिशा ठरवताना ते सोन्याच्या मोलाचे ठरते. आग नसेल तर अग्निशमनचे पाणी मारूच देऊ नका. आग असेल तर जोराचा झोत खड्ड्यावर न मारता फवारा मारायला सांगा. कित्येक स्फोटकांचे अवशेष पाण्यात विरघळणारे क्षार असतात, आणि एक टँकर पाणी ते नालीत वाहून नेते.

दोर कुठे बांधायचा? खड्ड्यापासून सगळ्यांत लांब सापडलेला तुकडा किती अंतरावर आहे ते पाहा आणि त्याच्या दीडपटीवर बाहेरचे कडे टाका. तुकडा ८० मीटरवर सापडला तर दोर १२० मीटरवर. पुढे ११० मीटरवर आणखी एक सापडला तर दोर १६५ वर सरकवायचा. दोर आत घेणे सोपे असते, बाहेर नेणे फार कठीण, कारण तोवर बाहेरची जागा तुडवलेली असते. म्हणून सुरुवातच मोठी करा. अमेरिकेत ओक्लाहोमा सिटीत १९ एप्रिल १९९५ ला स्फोटकांनी भरलेल्या ट्रकचा मागचा आस बराच दूर फेकला गेला होता. त्यावरच्या क्रमांकावरून ट्रक कुठून भाड्याने घेतला ते कळले आणि तपास माणसापर्यंत पोचला. आपल्याकडे १२ मार्च १९९३ च्या स्फोटांनंतर मुंबईत वरळीला सोडून दिलेल्या मारुती व्हॅनने असेच कटाच्या दारात नेले होते. खड्ड्यात राख असते. नाव सांगणारा तुकडा बहुतेकदा शेताच्या धुऱ्यापलीकडे पडलेला असतो.

खड्ड्याभोवतीच्या आतल्या दोराच्या तोंडाशी एक अंमलदार वही घेऊन बसवा. कोण, कधी आत, कधी बाहेर, कशासाठी, पायात काय होते. वही रिकामी ठेवण्याचा सर्वांत मोठा दबाव वरून येतो हे आम्हाला माहीत आहे. पालकमंत्री येतात, आमदार येतात, त्यांच्यामागे पन्नास कार्यकर्ते आणि कॅमेरे येतात, आणि ठाणेदाराला 'साहेब, आत जाऊ नका' म्हणता येत नाही. ते ठाणेदारावर सोडूच नये. पोलीस अधीक्षकांनी आजच, कुठलीही घटना नसताना, लेखी आदेश काढावा की न्यायसहायक पथकाचे काम संपेपर्यंत आतल्या दोराच्या आत तपासाशी संबंध नसलेली कोणतीही व्यक्ती, पद कोणतेही असो, जाणार नाही. असा कागद खिशात असला की ठाणेदाराला नम्रपणे नाही म्हणता येते.

यापुढचा भाग आपल्या मुलखाचा आहे आणि शहरासाठी लिहिलेल्या सूचनांत तो सापडत नाही.

विदर्भाच्या शेतात नत्र सगळीकडे आहे. पऱ्हाटीला युरिया, सोयाबीनला डीएपी, संत्र्याच्या बागेला मिश्रखते. जमिनीतले जिवाणू युरियाचे अमोनियम आणि पुढे नायट्रेट करतात. स्फोटाच्या खड्ड्यातल्या मातीत प्रयोगशाळेला अमोनियम आणि नायट्रेट सापडले, तर बचाव पक्षाचा वकील एकच प्रश्न विचारेल: शेजारच्या सरीतल्या मातीतही हेच नव्हते कशावरून? त्याचे उत्तर फक्त तुलनेच्या नमुन्यात आहे. खड्ड्याचा तळ, भिंती, काठ यांची माती वेगवेगळ्या डब्यांत, प्रत्येकी अर्धा किलोच्या आसपास. आणि त्याच शेतातली, स्फोटाचा परिणाम न झालेली माती, वाऱ्याच्या उलट दिशेने, शंभर मीटर किंवा अधिक दूर, किमान तीन जागांहून, तितक्याच खोलीची. रस्त्यावर स्फोट झाला असेल तर मुरूम, डांबर आणि कडेची शेतमाती यांचे वेगळे नमुने. शेतकऱ्याला विचारून शेवटचे खत कोणते, कधी, किती पोती दिले ते जबाबात घ्या. गट नंबर पंचनाम्यात लिहा. तुलनेची ही माती आधी घ्यायची, खड्ड्याला हात लावण्यापूर्वी, नवे हातमोजे घालून. उलट क्रमाने घेतली तर आपल्याच हातांनी खड्ड्यातले अवशेष स्वच्छ मातीत जातात आणि तुलनेचा नमुना वाया जातो.

याच कारणाने युरियाच्या रिकाम्या गोणीत पुरावा भरू नका. हे लिहावे लागते, कारण गावात पटकन हाताशी येते ती गोणीच. कृषी केंद्राच्या गोदामातून आणलेली ताडपत्रीही नको. तिच्यावर वर्षभर खताची पोती ठेवलेली असतात. बाजार समितीच्या शेडमध्ये मलबा पसरायचा असेल तर आधी तिथे काय साठवले होते ते विचारा आणि खाली कोरे प्लास्टिक अंथरा. जीपच्या मागच्या भागात बंदुका आणि काडतुसे ठेवली जात असतील तर तिथल्या चटईवर नमुने ठेवू नका. गोळीबाराच्या सरावावरून थेट आलेल्या अंमलदाराने किंवा जिवंत स्फोटके हाताळलेल्या बीडीडीएसच्या जवानाने अवशेषांचे नमुने घेऊ नयेत. काडतुसांच्या दारूत नायट्रोसेल्युलोज आणि काहींत नायट्रोग्लिसरीन असते, ते बाहीवरून कापसाच्या बोळ्यावर जाते आणि अहवालात एक खोटे स्फोटक उगवते.

काळी माती हा दुसरा प्रश्न. उन्हाळ्यात तिला हातभर खोल भेगा पडतात आणि तारेचा तुकडा, बॅटरीचे टोपण, सर्किटची चिप त्यांत उतरते. माणसे चालली की भेगांच्या कडा ढासळतात आणि तुकडा कायमचा गाडला जातो. पावसाळ्यात तीच माती बुटाच्या तळव्याला दोन बोटे चिकटते आणि पुरावा दोराबाहेर घेऊन जाते. म्हणून आत जाणाऱ्यांच्या बुटांवर आवरण हवे, आणि बाहेर येताना तळव्याचा चिखल त्याच जागी खरवडून ठेवायला हवा, तोही चाळायचा असतो.

पाऊस येतो आहे आणि पथक चार तास दूर आहे, अशी वेळ येणारच. तेव्हा बांबूच्या आधाराने कोरी ताडपत्री खड्ड्यावर उंच धरा, तिचे पाणी खड्ड्यात गळणार नाही असा उतार द्या, आणि आतल्या दोराच्या बाहेर, चढाच्या बाजूला चर खणून वाहते पाणी वळवा. खड्ड्यात पाणी आधीच साचले असेल तर ते उपसून टाकू नका. विरघळलेले क्षार त्या पाण्यात आहेत. स्वच्छ काचेच्या बाटलीत लिटरभर पाणी घेऊन मोहोर लावा. ताडपत्री पुरत नसेल तर मात्र वाट पाहू नका: आधी तुलनेची माती, मग खड्ड्याच्या तळाची आणि काठाची माती उचला, छायाचित्रे आणि मापे घेऊन. ठाण्याने पथकाच्या आधी स्वतः नमुना घ्यावा असा प्रसंग जवळजवळ हा एकच. उन्हाळ्यात उलटे होते. काही सेंद्रिय स्फोटकांचे अवशेष ४५ अंशांच्या उन्हात उडून जातात. हवाबंद डबे जीपच्या टपावर किंवा बोनेटजवळ न ठेवता थर्माकोलच्या पेटीत, प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या बर्फाच्या पॅकसोबत ठेवा.

डब्यांविषयी थोडे. स्फोटकाचे अवशेष असलेली वस्तू कागदी लिफाफ्यात किंवा बाजारातल्या साध्या पॉलिथिनच्या पिशवीत घालू नये. दोन्हींतून वाफ आरपार जाते, बाहेरचे आत येते आणि आतले बाहेर. न वापरलेला, घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबा किंवा त्यासाठीची नायलॉनची पिशवी हवी. रक्ताने ओले कपडे मात्र हवाबंद केले की कुजतात आणि डीएनए जातो. एकाच शर्टावर रक्त आणि काजळी दोन्ही असतील तर तो गार ठेवा, प्रयोगशाळेला फोन करून आधी काय तपासायचे ते विचारा आणि त्यांनी दिलेले उत्तर वेळेसह नोंदवा. एका डब्यात एकच वस्तू. प्रत्येक वस्तूला नवे हातमोजे. एक कोरा डबा, न वापरलेले हातमोजे आणि कापसाचा कोरा बोळा हे तिघेही मोहोरबंद करून सोबत पाठवा, म्हणजे सामानच दूषित होते असे कोणाला म्हणता येणार नाही.

खड्ड्याचे माप सहज चुकते. व्यास मूळ जमिनीच्या पातळीवर घ्यायचा, बाहेर उडून काठावर साचलेल्या मातीच्या उंबऱ्यावर नाही. एकमेकांना काटकोनात दोन मापे, आणि खोली त्या पातळीवर आडवी दोरी ताणून. नकाशात दोन पक्क्या खुणा हव्यात: महावितरणच्या खांबाचा क्रमांक, किलोमीटरचा दगड, हातपंप, समाजमंदिराचा कोपरा. 'मोठ्या चिंचेच्या झाडाजवळ' चालत नाही; खटला उभा राहीपर्यंत चिंच तोडलेली असू शकते. छायाचित्र आधी लांबून, मग मध्यम अंतरावरून, मग जवळून मोजपट्टीसह आणि एकदा मोजपट्टीशिवाय. पंचनामा तिथेच लिहायचा, ठाण्यात येऊन नाही. ठाण्याचे ठरलेले पंच टाळा. तलाठी, ग्रामसेवक, शिक्षक बोलवा. उलटतपासणीत ते टिकतात. शोध व जप्तीचे ध्वनिचित्रमुद्रण भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ ने बंधनकारक आहे आणि ते विनाविलंब दंडाधिकाऱ्यांकडे जायला हवे. कलम १७६(३) सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञाची घटनास्थळी भेट सांगते. त्या भेटीपर्यंत जागा जशीच्या तशी ठेवणे आपले काम.

तुकड्यांचा शोध रांगेत, हाताच्या अंतरावर उभे राहून, एकदा उत्तर-दक्षिण आणि पुन्हा पूर्व-पश्चिम. टिनाची छपरे, कवेलू, कुटाराच्या गंज्या, विहिरी, गोठे, नाल्याचे पात्र सुटते. खड्ड्याकडे तोंड असलेल्या बाभळी-कडुनिंबाच्या बुंध्यात तुकडे रुतलेले असतात. चिमट्याने उपटू नका, बुंध्याचा तेवढा भाग कापून घ्या. बैल, गाय, शेळी मेली असेल तर तिला लगेच पुरू देऊ नका. जनावराच्या अंगातले तुकडे माणसाच्या अंगातल्या तुकड्यांइतकेच बोलतात, आणि पशुवैद्यकीय अधिकाऱ्याला बोलावून, पंचांसमोर, जखमांभोवती तपासणी होऊ शकते. मलबा चाळताना आधी खडीची जाड चाळण, मग दोन मिलिमीटरची. डिटोनेटरच्या कवचाचा, पत्र्याचा, तारेचा तुकडा दुसऱ्या चाळणीतच सापडतो. रस्ता मोकळा करायची घाई असते आणि सार्वजनिक बांधकाम खात्याचा जेसीबी तासाभरात येऊन खड्डा बुजवून जातो. मलबा हलवावाच लागला तर चौकोन आखून, चौकोनवार ट्रॉल्या भरून, ट्रॉलीवर क्रमांक टाकून हलवा. सगळा एका ढिगात टाकला की कुठला तुकडा कुठून आला हे कायमचे गेले.

जखमी ज्या ग्रामीण रुग्णालयात जातात तिथे सर्वाधिक पुरावा नकळत नष्ट होतो. परिचारिका कपडे कापते आणि पिवळ्या पिशवीत टाकते, ती पिशवी जैववैद्यकीय कचऱ्याच्या गाडीत जाते. तिचा दोष नाही, तिला कोणी सांगितलेले नसते. जिल्हा शल्यचिकित्सकांना आमची विनंती: स्फोटातल्या रुग्णाचे कपडे, चपला, शरीरातून काढलेला प्रत्येक तुकडा रुग्णाच्या नोंदणी क्रमांकासह वेगळा ठेवून पोलिसांकडे पावतीवर द्यावा, असा आदेश आपत्कालीन कक्षाच्या भिंतीवर लागावा. काढलेला धातूचा तुकडा फॉर्मलिनमध्ये टाकू नये, दातेरी चिमट्याने ओरबाडू नये. चिमट्याच्या टोकाला रबरी नळी चढवली की ओरखडे पडत नाहीत. मृतदेहाचा शवविच्छेदनाआधी कपड्यांसह एक्स-रे हवाच. रुग्णालयात सोय नसेल तर देह सोय असलेल्या ठिकाणी न्यावा. जो देह स्फोटाच्या सर्वांत जवळ होता, त्याच्यात बॉम्बचे भाग असण्याची शक्यता सर्वाधिक.

ओळख पटवण्यात गावाकडे फार घाई होते. कपड्यावरून, हातातल्या कड्यावरून 'हा आमचाच' म्हणतात आणि देह ताब्यात देऊन टाकला जातो. दुसऱ्या दिवशी दुसरे कुटुंब येते. प्रत्येक देहाला आणि प्रत्येक अवयवाला सापडल्या जागीच क्रमांक द्या, नाव नाही, आणि तोच क्रमांक पिशवी, छायाचित्र, नकाशा व नोंदवहीत राहू द्या. दोन तुकडे एकाच माणसाचे वाटले तरी एका क्रमांकात घालू नका. डीएनएसाठी घेतलेले ऊतक फॉर्मलिनमध्ये ठेवले तर ते वाया जाते. ठसे, दात किंवा डीएनए यांपैकी एकाने ओळख पक्की होईपर्यंत थांबायला लागेल हे कुटुंबाला एका अधिकाऱ्याने, रोज त्याच अधिकाऱ्याने, बसून सांगावे. आपले माणूस कुठे आहे, कधी मिळेल, हे जाणण्याचा त्यांना हक्क आहे. तिष्ठत उभे राहिलेले नातेवाईक आणि कोणीच काही न सांगणारे कर्मचारी हे दृश्य आपल्या रुग्णालयांच्या आवारात दिसूच नये.

मालखान्याविषयी (जप्त माल ठेवायच्या खोलीविषयी) आम्ही कळकळीने लिहितो. १४ नोव्हेंबर २०२५ रोजी श्रीनगरच्या नौगाम पोलीस ठाण्यात जप्त स्फोटकांतून नमुने काढताना स्फोट झाला आणि ९ जण गेले. त्यांत प्रयोगशाळेची माणसे होती, छायाचित्रकार होते, महसूल कर्मचारी होते, आणि कामात मदतीला बोलावलेला एक शिंपीही होता. जिवंत स्फोटके, डिटोनेटर, न फुटलेले गावठी बॉम्ब ठाण्याच्या मालखान्यात एक रात्रही ठेवू नका. ठाण्याच्या भिंतीला लागून अंमलदारांची घरे असतात. बीडीडीएसकडून जागेवरच वेगळे करून घ्या, नमुना तेवढा काढून घ्या, आणि उरलेल्याच्या नाशासाठी न्यायालयाकडे लगेच अर्ज करा. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९७ मध्ये छायाचित्रे घेऊन मुद्देमालाची विल्हेवाट लावण्याची तरतूद आहे. स्फोटकांविषयीचा तज्ज्ञ सल्ला लागला तर देशाच्या मुख्य स्फोटक नियंत्रकांचे कार्यालय नागपुरातच आहे.

मोहोरबंद नमुने प्रयोगशाळेत नेणाऱ्या अंमलदाराचा जबाब विसरला जातो. मालखान्यातून कधी घेतले, कशाने गेला, रात्र कुठे काढली, मोहोर शाबूत होती का, कोणाच्या हाती दिले. लाखेच्या मोहोरेचा नमुना वेगळ्या लिफाफ्यात जावा. नमुने आठवडाभर कपाटात पडले असतील तर का पडले याचे कारण मुद्देमाल नोंदवहीत त्याच दिवशी लिहिलेले असावे. आणि स्फोटक पदार्थ अधिनियम, १९०८ च्या कलम ७ नुसार जिल्हा दंडाधिकाऱ्यांच्या संमतीशिवाय न्यायालय खटला चालवू शकत नाही. जिल्हाधिकाऱ्यांनी संमती देताना कोणती कागदपत्रे पाहिली ते आदेशात दिसले पाहिजे, नुसती सही पुरत नाही.

कॅमेऱ्यांचे चित्रण पहिल्याच दिवशी घ्या. पेट्रोल पंप, जिनिंग, पतसंस्था, बार, टोल नाका यांचे डीव्हीआर (चित्रण साठवणारी यंत्रे) काही दिवसांत जुन्या चित्रणावरच नवे लिहितात. डीव्हीआरचे घड्याळ चुकलेले असते. ते आणि आपला मोबाइल एकाच फोटोत घ्या. गावकऱ्यांनी काढलेले व्हिडिओ व्हॉट्सॲपवर मागवू नका, त्यात मूळ तपशील पुसले जातात. मूळ फाइल मूळ फोनमधून, भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ च्या प्रमाणपत्रासह.

आणखी एक. आपल्या भागात स्फोट अनेक कारणांनी होतात. विहिरीच्या खोदकामातल्या जिलेटिनच्या कांड्या, दगडखाणी, डुकरांसाठी ठेवलेले गावठी बॉम्ब, गॅस सिलिंडर, रोहित्र. पहिल्या तासात कॅमेऱ्यासमोर 'दहशतवादी हल्ला' किंवा 'साधा अपघात' यातले काहीही बोलू नका. बोललेले शब्द नंतर तपासाला एका दिशेला ओढतात, आणि एखाद्या वस्तीवर, एखाद्या समाजावर संशयाची सावली पडते ती मग कोणी पुसत नाही. जागा मात्र प्रत्येक वेळी हल्ला समजूनच राखा.

आमच्या मागण्या मोजक्या आहेत. प्रत्येक ग्रामीण ठाण्यात एक कुलूपबंद पेटी असावी: ५०० मीटर दोर, ५० खुंट्या, २० किलो चुना, चार कोऱ्या ताडपत्र्या, ३० पत्र्याचे डबे, नायलॉनच्या पिशव्या, १०० जोड हातमोजे, बुटांची आवरणे, दोन चाळण्या, मोजपट्टी, फीत, लाख, मोहोर, क्रमांकाच्या पाट्या, दोन विजेऱ्या. वर्षातून दोनदा, एकदा मेमध्ये आणि एकदा जुलैमध्ये, पेटी उघडून तिच्या सामानाने प्रत्यक्ष सराव व्हावा आणि त्यात पोलीस पाटील, कोतवाल, १०८ चे चालक, ग्रामीण रुग्णालयाच्या परिचारिका व जेसीबीचे मालक असावेत. प्रयोगशाळेने रात्रंदिवस उचलला जाणारा एक दूरध्वनी क्रमांक प्रत्येक ठाण्याला द्यावा. आतल्या दोराबाबतचा लेखी आदेश आणि रुग्णालयांसाठीचा कपड्यांचा आदेश येत्या पावसाळ्याआधी निघावा.

पेटीतल्या सामानाची छापील यादी, पंचनाम्याचा नमुना आणि प्रवेश नोंदवहीचा तक्ता आम्ही तयार केला आहे. कोणत्याही ठाण्याने मागितला तर विनामूल्य देऊ, आणि सरावाच्या दिवशी बोलावले तर येऊ.

आपले,
गुन्हास्थळ तपास, न्यायवैद्यक आणि फौजदारी न्यायप्रक्रियेत काम केलेले काही विदर्भवासी